रेडिएटरजवळच्या बाटल्या

तीस वर्षं मी माश्यांचा स्वयंपाक केला.
मक्याचं पीठ, यीस्ट, साखर, आगार,
आणि बुरशी धरू नये म्हणून कसलंसं औषध,
ज्याचं नाव मला अजून नीट घेता येत नाही.
तिसा नदीचा वास खिडकीतून आत यायचा
आणि माझ्या पातेल्यापाशी येऊन हरायचा.

एटेल्काबाई मायक्रोस्कोपवर वाकलेल्या,
इथरने गुंगलेल्या माश्या
हंसाच्या पिसाने डावीकडे उजवीकडे सारत.
माशीचे डोळे लाल हवेत.
ह्यांचे ठिपक्याठिपक्यांचे,
रंगाऱ्याला मधेच कुणी हाक मारावी तसे.

रंगाचं जनुक बिघडलंय का, मी विचारलं.
"नाही गं. जनुक धडधाकट आहे.
शेजार बदललाय."
मग खिडकीतली पापरिकाची माळ काढून
माझ्या हातात दिली.
"इथे सैल आहे, बोट जातं मिरच्यांमधून.
इथे गच्च. घाल बघू बोट."
गेलं नाही.
"वाचणाऱ्याचं बोटच शिरलं नाही
तर लिहिलेलं सगळं शाबूत असून गप्प.
आणि हे गच्चपण सरकतं शेजारी.
एका पेशीत इथवर, दुसरीत तिथवर.
कुठे थांबेल, पेशीलाही आधी ठाऊक नसतं."

मी म्हणाले, आमच्या गल्लीसारखंच की.
रणगाडे आले त्या वर्षी कोपऱ्यावरच्या लोहाराला नेलं,
आधी त्याचं घर बोलेनासं झालं,
मग लगतची दोन, मग आमचं.
बाई पिसावरची माशी झटकत म्हणाल्या,
"माणसांना माश्या लावू नकोस, योलान.
माश्यांचं मला मोजता येतं."

सत्त्याऐंशीचा जानेवारी.
बर्फ खिडकीच्या कठड्याला टेकलेलं.
रात्री उबवणीचं कपाट बंद पडलं
आणि मी चाळीस बाटल्या
रेडिएटरपाशी ओळीने मांडून
कोट पांघरून तिथेच बसले.
पहाटे कपाट घरघरू लागलं. बाटल्या परत आत.
कुणाला सांगायचं? कपाटाची किल्ली माझ्याकडे होती.

पुढच्या पिढीचे डोळे लाल निघाले.
जवळजवळ पूर्ण लाल.
बाई टेबलावर हात आपटून हसल्या, मी त्यांना तसं
आधी कधी पाहिलं नव्हतं. मौन सैल करणारं
नवं जनुक हाती लागलं होतं म्हणे.
वसंतात एक विद्यार्थी परीक्षेची उजळणी करत
मोठ्याने वाचत होता,
की नुसती ऊबही हे मौन सैल करते.
मी पातेलं घासत होते. घासतच राहिले.

लेख गेला नाही.
"मला खात्री नाही," एवढंच बाई म्हणाल्या
आणि सगळं पहिल्यापासून केलं. दीड वर्ष.
शेवटी जनुक खरंच निघालं, पण तोवर
दुसऱ्या देशातल्या कुणी ते छापलं होतं.
बाईंनी तो अंक वाचला, खणात ठेवला
आणि डब्यातला आलुबुखाऱ्याचा उंडा
सावकाश, बी काढून खाल्ला.

परवा त्या निवृत्त झाल्या.
कपाटं रिकामी करताना मी सांगून टाकलं,
हात ओले, बाविसाव्या वर्षी.
बाईंनी एकतिसावी वही ओढली.
तारीख. पेन्सिलीने:
योलान. रेडिएटर. बाहेर उणे चोवीस.
खाली एक रेघ.
"पहारेकऱ्याने वसंतात सांगितलं."

मग बोलला का नाहीत?
बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
"गोठल्या असत्या तर वाणच गेलं असतं.
चाळीसच्या चाळीस जगल्या ना?"
एकोणचाळीस, मी म्हणाले.
एक माझ्या हातून फुटली होती.
"तेही लिहायला हवं होतं,"
आणि त्यांनी पेन्सिल शोधली.

वही मला दिली नाही. संस्थेची आहे, म्हणाल्या.
हंसाचं पीस दिलं.
त्याने मी आता सकाळी
ओट्यावर सांडलेली साखर
डावीकडे उजवीकडे सारते.